पाया नंतर पड

पाया नंतर पड. आधी बस. झोपाळ्यावर नाही, समोर खुर्चीवर. आणि तो मोबाइल पालथा घालून ठेव.

कंदी पेढे आणलेस, बरं केलंस. पुडा कोनाड्यात राहू दे. ते चांदीचं बटणही ठेव त्याच्या शेजारी. एक लाख लोक झाले की यूट्यूब पाठवतं म्हणालास. मी पस्तीस वर्षं इतिहास शिकवला. वर्षाला तीनशे पोरं धरली तरी साडेदहा हजार होतात. म्हणजे माझी एखादी चूक पसरायला पस्तीस वर्षं लागली आणि साडेदहा हजारांवर थांबली. तुझी चूक रात्री नऊला निघते आणि सकाळी दूधवाला दारात येईपर्यंत लाखभर घरांत शिरलेली असते. बटण बघून माझी छाती फुगेल असं तुला वाटलं असेल. माझ्या पोटात गोळा आला.

तुझा सिंहगडाचा व्हिडिओ मी तीनदा पाहिला. नातीनं लावून दिला. अठरा मिनिटांत अकरा वेळा ढोल वाजला. सोळाव्या मिनिटाला तू कॅमेऱ्यात बघून म्हणालास, हे सगळं मी माझ्या सरांकडून शिकलो, आणि पुढं माझं नाव घेतलंस. म्हणून बोलावलं. नाव घेतलं नसतंस तर कदाचित 'करेना का काय करायचं ते' म्हणून गप्प बसलो असतो.

आता ऐक. त्या रात्रीपर्यंत गडाला कोंढाणा म्हणत, तानाजी पडले आणि शिवाजी महाराजांनी त्याचं नाव सिंहगड ठेवलं, असं तू छातीठोकपणे सांगितलंस. रात्र कुठली? ४ फेब्रुवारी १६७०. तारीख बरोबर सांगितलीस, तेवढ्याचे गुण देतो. पण एप्रिल १६६३ मध्ये महाराजांनी मोरोपंत पेशवे आणि निळो सोनदेव यांना लिहिलेलं पत्र आहे, गडावर फितवा झाल्याच्या खबरेवरून. त्यात नाव सिंहगड आहे. तानाजी पडण्याच्या सात वर्षं आधी. लाल महालावर छापा पडला तो हाच आठवडा. हे पत्र कुठल्या भुयारात नाही, शिवकालीन पत्रांच्या संग्रहात छापलेलं आहे. आणि तू व्हिडिओवर काय डकवलंस? 'इतिहासकारांनी लपवलेलं सत्य.' कुणी लपवलं रे? त्यांनी छापलं. लपवलं असेल तर तुझ्या आळसानं.

तुझ्या व्हिडिओतल्या घोरपडीकडे मी शेवटी येणार आहे. तिचं प्रकरण वेगळं आहे.

उदयभान. तुझ्या चित्रात तो हिरव्या झग्यात, डोळ्यांत सुरमा घालून उभा आहे, आणि मागं कंगोऱ्यांचे मनोरे असलेला कुठला तरी युरोपातला किल्ला. यंत्रानं काढून दिलेलं चित्र आहे म्हणे. यंत्राला सिंहगड माहीत नसेल, पण तू दरवर्षी तिथं पिठलं-भाकरी खायला जातोस ना? उदयभान राठोड. राजपूत. मोगलांचा चाकर, गडाचा किल्लेदार. त्याला हिरवा रंग का दिला? प्रेक्षकाला एका नजरेत शत्रू कळावा म्हणून. बरं, मग १६६५ ला पुरंदरच्या तहात कोंढाण्यासकट तेवीस किल्ले ज्यानं पदरात पाडून घेतले त्या मिर्झाराजा जयसिंगाला कुठला रंग देणार आहेस? पुरंदरचा तह तुझ्या व्हिडिओत नाहीच. अठरा मिनिटांत नाही. मग गड परत का घ्यावा लागला, हे बघणाऱ्या पोराला कसं कळणार? गड मुळात गेला कसा, तेच त्याला माहीत नाही. त्याला एवढंच कळलं की रात्र होती, दोर होता आणि ढोल वाजत होता.

मान खाली घालू नकोस. पुढचं याहून वाईट आहे.

पानिपतावरचा तुझा व्हिडिओ. कुणाच्या तरी घरातला मोडी कागद तुला मिळाला, तू तो कॅमेऱ्यासमोर उलगडलास. माझ्या अंगावर खरंच काटा आला. पोरगं कागदापर्यंत पोहोचलं म्हणून. मोडी तुला येत नाही, कुणाकडून तरी बाळबोध करून घेतलंस. त्यात वावगं काही नाही. मोडीत आधी पानभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायचं. शब्द कुठं तुटतो ते वाचणाऱ्यानं ठरवायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. भल्याभल्यांच्या तोंडाला फेस येतो. पण कागदावर वर्ष शब्दांत होतं. इहिदे सितैन मया व अलफ. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. अकराशे एकसष्ट. इथवर तू बरोबर आलास. महिना होता रबिलाखर. महिना हिजरी, म्हणजे वर्षही हिजरी असणार असं समजलास, मोबाइलमध्ये हिजरी ११६१ टाकलंस, उत्तर आलं १७४८. आणि तू उडालास! १७४८ च्या मार्चमध्ये सरहिंदजवळ मानुपूरला अब्दालीची मोगलांशी लढाई झालेली, हे कुठंतरी वाचलेलं. झालं. 'पानिपताच्या बारा वर्षं आधीच मराठ्यांना अब्दालीचा वेढा पडला होता!' तीन लाख लोकांनी पाहिलं.

गाढवा, तो शुहूर सन आहे.

हसू नकोस, हे तुला आठवीत शिकवलं होतं. हिजरी वर्ष चांद्र. सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी तोकडं, म्हणून ते ऋतूंतून सरकत जातं. शेतसारा पिकावर घ्यायचा, पीक पावसावर यायचं, आणि वर्ष मात्र दर साली अकरा दिवस पुढं पळायचं. सारा कधी मागणार? म्हणून महसुलासाठी सौर वर्ष धरलं, आकडा हिजरीवरूनच घेतला आणि तिथून दोघांच्या वाटा फुटल्या. वर्ष सुरू होतं मृगाला. आपल्याकडे मृगसाल म्हणतात ते हेच. शुहूर सनात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. आता कर. ११६१ आणि ५९९. १७६०. रबिलाखर त्या वर्षी नोव्हेंबरात येतो. १७६० चा नोव्हेंबर, म्हणजे फौज पानिपतावर येऊन ठाकलेली. पत्र जिथं असायला हवं तिथंच आहे. तू ते उचलून एक तप मागं नेऊन टाकलंस.

पेशवाईतल्या कागदात महिना हिजरी आणि वर्ष शुहूर असा मेळ असतो, त्यात माणसं फसतात. तू फसलास याचा राग नाही. पण त्याच पत्रात सदाशिवराव भाऊसाहेबांच्या लष्कराचा मुक्काम आहे. १७४८ ला भाऊसाहेब किती वर्षांचे? जन्म १७३० चा. सतरा-अठराचं पोर, आणि उत्तरेत फौज घेऊन वेढ्यात बसलंय? शाहू महाराज तेव्हा साताऱ्यात हयात. पत्रात त्यांचं नाव नाही, गाव नाही. एकदा तरी मनात यायला हवं होतं की कुठंतरी पाणी मुरतंय. तुझ्या मनात आलं नाही, कारण १७४८ हे उत्तर तुला आवडलं होतं. १७६० आलं असतं तर व्हिडिओच झाला नसता. पानिपतावरून आलेलं पानिपतचं पत्र, त्यात कोण कशाला थांबेल?

मला विचारशील तर थांबायला त्यातच होतं. त्या पत्रात दाण्यागोट्याचे भाव आहेत, घोड्यांच्या वैरणीची रड आहे, घरी पैसे पोचले का म्हणून विचारलंय. चार ओळी तू वाचून दाखवल्यास आणि पुढं पळालास. वेढ्यातली फौज काय खात होती, ते तुझ्या हातात होतं बाळा. पोरांना लढाई त्यातून कळली असती.

आणि हे सगळं तू कुठं बसून केलंस? वाईत. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड १८९८ ला काढला, त्यातले पानिपतच्या काळातले कागद याच गावात हाती लागले. याच गल्ल्यांत. तो माणूस गावोगाव पायपीट करत हिंडला, लोकांच्या माळ्यावरची दप्तरं सोडवत बसला, बावीस खंड काढले, १९१० ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं करण्यात पुढं होता. सरकारी नोकर नव्हता, विद्यापीठाचा प्राध्यापक नव्हता. तुझ्या भाषेत सांगायचं तर स्वतंत्र. त्यांचे तर्क पुढं कितीतरी लोकांनी खोडून काढले. पण ते खोडता आले, कारण कागद जसाच्या तसा छापलेला होता. राजवाड्यांचं मत पटलं नाही तरी राजवाड्यांचा कागद आपल्याला मिळतो. तुझं मत पटलं नाही तर मी काय बघू? व्हिडिओच्या खाली लिहायला जागा असते, ती मी नातीकडून उघडून घेतली. टी-शर्टवर पंधरा टक्के सवलत. कॅमेरा कुठला वापरतोस त्याचा दुवा. एका पुस्तकाचं नाव नाही!

पुस्तकं वाचतोस ना? मग नावं सांगायला लाज कसली? की वाचतच नाहीस आणि दुसऱ्याचे तीन व्हिडिओ कालवून चौथा करतोस? गप्प बसलास. कळलं.

चॅनेलच्या कपाळावर गोंदवून घेतलंयस, 'स्वतंत्र इतिहास'. कुणापासून स्वतंत्र? शाळेपासून आहेस. बालभारतीपासून आहेस. पण मघाशी पायऱ्या चढताना काय म्हणालास? 'सर, तसं शीर्षक नसेल तर कुणी उघडत नाही.' म्हणजे हेडमास्तर तुलाही आहे. माझा हेडमास्तर निदान समोर बसायचा, त्याच्याशी भांडता यायचं. तुझा दिसतही नाही. एक हजार सभासद आणि बघितल्याचे चार हजार तास भरल्याशिवाय जाहिरातीचा पैसा सोडत नाही, आणि मनात आलं की दार लावून घेतो. २०१९ च्या जूनमध्ये द्वेष पसरवणाऱ्या मजकुरावर यूट्यूबनं बडगा उचलला, तेव्हा नाझींचा काळ शिकवायला जुन्या चित्रफिती लावणाऱ्या इतिहासाच्या शिक्षकांनाही त्याचा फटका बसला, एकाचं तर चॅनेलच बंद झालं होतं. पुढं आरडाओरडा झाला तेव्हा उघडलं. म्हणून 'स्वतंत्र' या शब्दाचा एवढा तोरा मिरवू नकोस.

माझ्या वर्गात मी चुकलो की मागच्या बाकावरून एखादा हात वर यायचा. अपमान व्हायचा, पण तास वाचायचा. तुझ्या सिंहगडाच्या व्हिडिओखाली एका बाईंनी अदबीनं लिहिलं होतं, की १६६३ चं पत्र एकदा पाहावं. 'सादर प्रणाम' वगैरे घालून. मी दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा ते होतं. तिसऱ्यांदा नव्हतं. नात म्हणाली, 'आजोबा, उडवलं.' खाली शिव्या देणारे पन्नास आहेत, जातीवरून, आडनावावरून. ते तसेच आहेत. त्यांनी व्हिडिओ वर चढतो म्हणे. अख्ख्या वर्गात एकच हात वर आला आणि तू तोच पिरगाळलास. शाळेत कुणी असं केलं असतं तर मी त्याला अंगठे धरायला लावले असते. तुझं वय चौतीस, म्हणून खुर्ची दिली.

नात हुशार आहे. तिनं मला परदेशी चॅनेलंही दाखवली. 'एक्स्ट्रा हिस्टरी' नावाचं एक आहे, चित्रांतून गोष्टी सांगतात. एक मालिका संपली की शेवटचा भाग कशाचा, तर आपण या मालिकेत काय काय चुकीचं सांगितलं याचा. नावच 'लाइज'. थापा! आपल्या थापांचा वेगळा भाग काढतात आणि लोक तोही आवडीनं बघतात. दुसरं, 'द ग्रेट वॉर'. पहिलं महायुद्ध १९१४ ते १९१८, तर यांनी २०१४ ते २०१८ दर आठवड्याला एक भाग काढला. बरोबर शंभर वर्षांपूर्वी त्या आठवड्यात काय घडलं ते. चार वर्षं. ज्या आठवड्यात आघाडी हलली नाही त्याही आठवड्यात. इंग्रजी मला सगळं समजलं नाही, पण चिकाटी समजते. त्यांच्या चुका होतच असतील. आपल्याकडे काय कमी आहे? पानिपतची मोहीम १७६० च्या मार्चात दक्षिणेतून निघाली, जानेवारीत संपली. आठवड्याला एक भाग धर. सरदेसायांनी संपादलेले पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड आहेत, राजवाडे आहेत, शेजवलकरांचं 'पानिपत' आहे. चंबळ कधी ओलांडली, दिल्ली कधी घेतली, यमुनेला पूर कधी होता, दाणा कधी महागला. एका पोरानं जरी ते वर्षभर बघितलं तरी त्याला लढाईच्या आधीची माणसं कळतील.

मी तुला चॅनेल बंद कर म्हणत नाही. तसं म्हणायला मी मूर्ख नाही. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून चाळीस गुण. शिक्षक म्हणतो, महत्त्वाचे प्रश्न पाठ करा. कुठल्या तरी वाडीवर वाचनालय नाही, पुस्तक नाही, पण मोबाइल आहे. तिथली पोरगी रात्री पांघरुणात तुझा आवाज ऐकते. इतिहासाचा तिचा एकमेव मास्तर तू आहेस, आणि तू तिला १७४८ सांगतोस. शाळेतलं चुकलं तर तुझ्याकडे येऊन दुरुस्त होईल. तुझ्याकडचं चुकलं तर ती कुठं जाईल?

चूक दुरुस्त कशी होते ते बघायचं तर महाराजांची जन्मतारीख घे. माझ्या वडिलांच्या पिढीनं १६२७ पाठ केलं होतं. जेध्यांची शकावली टिळकांनी १९१६ ला छापली, तिच्यात तारीख निघाली १६३० ची. एका कागदावर कुणी उड्या मारल्या नाहीत. परमानंदाचं संस्कृत 'शिवभारत' तेच सांगतं. जोधपूरकडे कुंडली सापडली, तीही जुळली. महाराष्ट्रातली वही, संस्कृत काव्य आणि राजस्थानातला ज्योतिषी, तिघांनी एकमेकांकडे बघून उत्तर लिहिलेलं असण्याची शक्यता नाही. तरी सरकारनं १९ फेब्रुवारी १६३० मानेपर्यंत एकविसावं शतक उजाडलं. तू हे कधी दाखवलं नाहीस. जयंतीला तारखेवरून भांडणारे दाखवलेस.

मेणवलीलाही गेला होतास ना गेल्या महिन्यात? नाना फडणिसांचा वाडा, घाट. 'स्वदेस' सिनेमा कुठं उभा राहून घेतला ते दाखवलंस. वर टांगलेली घंटा दाखवली नाहीस. १७०७ साल कोरलेली, मेरी आणि बाळ येशू असलेली घंटा कृष्णेकाठी शंकराच्या देवळापाशी कशी लटकली? १७३९ ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली म्हणून. वसईचं युद्ध, पोर्तुगीज, नानांचा काळ, सगळं एका घंटेला टांगलेलं होतं आणि तू तिच्याखालून सेल्फी काढून परत आलास. इथून पाऊण तास चालत आहे. उद्या परत जा.

आता घोरपड.

तानाजीनं घोरपडीला दोर बांधला, ती दोनदा परतली, तिसऱ्यांदा चढली. हे तू माझं नाव घेऊन सांगितलंस आणि ते खरं आहे. मीच सांगितलं होतं. सहावी ब, ऑफ तास, पाऊस. तू दुसऱ्या बाकावर होतास. मी टेबलावर हात घोरपडीसारखा चढवून दाखवायचो, पोरं श्वास रोखायची. दहा-बारा वर्षं तसं सांगितलं. मग एका वर्षी एका मुलीनं विचारलं, 'सर, माणसाचं वजन तिला पेलेल?' मी तिला खाली बसवलं. त्या रात्री सभासदाची बखर काढली. कृष्णाजी अनंत सभासद, महाराजांच्या पदरचा माणूस, राजाराम महाराजांच्या वेळी जिंजीला बसून त्यानं १६९७ च्या सुमारास लिहिलेली. त्यात मावळे स्वतःच वानरासारखे कडा चढतात. घोरपड नाही. ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातली. पोवाडा म्हणून फक्कड आहे, तो म्हणायला हवाच, पण पोवाडा म्हणून. दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाऊन चूक कबूल केली. पण ती कबुली त्या वर्षीच्या सहावीपुढं. तुमची तुकडी तोवर शाळा सोडून गेली होती. तुमच्यापर्यंत ती पोचवायला मला वाटच नव्हती, आणि खरं सांगायचं तर मी शोधलीही नाही.

तुझ्याकडे वाट आहे. म्हणून रविवारी सकाळी सात वाजता ये, वही घेऊन. आधी शुहूरचे आकडे शंभर वेळा लिहायचे, अहद ते तिसा, अशर ते तिसैन. मग पानिपतचा व्हिडिओ. तो काढून टाकायचा नाही. वरच चूक लिहून ठेवायची, ठळक, सगळ्यांना आधी दिसेल अशी. त्या बाईंची माफी मागायची, नाव घेऊन. सिंहगडाखाली पत्राचा पत्ता, सभासदाचं नाव, पोवाड्याचं नाव. टी-शर्ट खाली सरकव.

मग कॅमेरा लाव. घोरपडीचा भाग तू बोलायचा नाहीस. तो मी बोलेन, इथं, या खुर्चीवर बसून. सुरुवातीलाच सांगेन की ही घोरपड मी सोडली.

आणि ढोल आणू नकोस. पुडा काढ आता, चहा ठेवायला सांगतो.